रोज दुपारी सव्वा एकला बिलिंग गोठतं, डिस्क मात्र ठणठणीत: कर्नलच्या रांगेत अडकलेल्या विनंत्यांची गोष्ट आणि उपाय

नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक किराणा पेढीचा सर्व्हर माझ्याकडे असतो. सात काउंटर, एक गोदाम आणि मागच्या खोलीत एक टॉवर सर्व्हर, एवढाच पसारा. रोज दुपारी सव्वा एकच्या सुमारास सगळ्या काउंटरवर एकाच वेळी ‘सेव्ह’ अडकायचं. एका बिलाला दहा सेकंद, कधी वीस. दोन-अडीच मिनिटांनी गाडी आपोआप रुळावर यायची. काउंटरवरच्या ताईंचा फोन ठरलेला: "दादा, पुन्हा अटकलं ना जी! काहून असं होऊन राहिलं? गिऱ्हाईक उभं आहे समोर." मी लॉगिन करेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असायचं.

मार्च ते जुलै या काळात हा दोष मी तीनदा दुरुस्त केला. त्यातून दोनदा तो परत आला. मूळ कारण आणि परत येण्याचं कारण ही दोन वेगळी कारणं निघाली, म्हणून दोन्ही सविस्तर लिहितोय. यंत्रणा लिनक्स आहे, कर्नल (यंत्रणेचा गाभा) ५.१०, फाइलसिस्टम एक्स्ट४, डेटाबेस पोस्टग्रेस. डेटा ७२०० आरपीएमच्या ४ टीबीच्या दोन साटा डिस्कवर मिरर करून, म्हणजे तोच डेटा दोन्हींवर, ठेवलेला आहे. ऑपरेटिंग सिस्टम एका छोट्या एसएसडीवर आहे. रॅम ३२ जीबी.

आधी ज्याच्यावर आळ आला

नागपुरात उन्हाळ्यात काहीही बिघडलं की दोष उन्हाचा. पारा चढलेला, खोलीत एक कूलर आणि तोही दमट हवा फेकणारा. पेढीवर सगळ्यांचं एकमत होतं की डिस्क तापते. मीही आधी तेच धरून चाललो. स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिच्यात, तापमान ४६ अंश दिसलं. अशा डिस्क साधारण ६० अंशांपर्यंत चालवायला उत्पादकांची मुभा असते. ४६ काही सुखाचं नाही, पण त्यानं डिस्क रोज ठरल्या वेळी अडीच मिनिटं थांबत नाही. ऊन दुपारी तीनलाही असतं, तेव्हा बिलं धडाधड निघत होती.

स्मार्टचे तीन आकडे मी नेहमी आधी बघतो. ५ क्रमांकाचा म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यानं ताटकळत असलेले सेक्टर, आणि १९९ म्हणजे केबलवरच्या सीआरसी चुका, डेटा ने-आण करताना झालेल्या. पहिले दोन वाढत असतील तर डिस्क जातेय. तिसरा वाढत असेल तर डिस्कला हात लावू नका, केबल बदला. इथे तिन्ही शून्य होते. कर्नलच्या लॉगमध्ये ‘एटीए’च्या (डिस्कशी बोलण्याच्या भाषेच्या) नावानं एकही अपयशी आज्ञा नव्हती, रीसेटही नव्हता. डिस्क खरोखर अडखळली तर कर्नल आज्ञा सोडून साधारण ३० सेकंद वाट पाहतो, मग टाइमआउट धरून सावरण्याची खटपट करतो आणि त्याचा माग लॉगमध्ये उरतो. तसा माग नव्हता.

एवढं होऊनही शेठजींनी एक नवी डिस्क आणायला सांगितलीच होती. मी दोन दिवस मागून घेतले. ते दोन दिवस कामी आले.

घडताना पकडायचं कसं

दोष अडीच मिनिटांचा, आणि मी शहराच्या दुसऱ्या भागात, धंतोलीत. म्हणून ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एक ओळ टाकली: रोज १ वाजून ५ मिनिटांनी सुरू व्हायचं आणि वीस मिनिटं दर सेकंदाला आयओस्टॅटचे (डिस्कच्या कामाचे आकडे देणाऱ्या आज्ञेचे) विस्तारित रकाने व ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसची यादी फाइलमध्ये लिहायची. फाइल एसएसडीवर ठेवली, म्हणजे जी डिस्क तपासतोय तिच्यावर आपलाच भार नको. ही काळजी घ्याच. मोजणारा स्वतः रांगेत उभा राहिला तर मोजमाप बिघडतं.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. लोड ॲव्हरेज वीसच्या पुढे, पण सीपीयू जवळजवळ रिकामा. बरेच जण इथे चकतात. लिनक्समध्ये लोड ॲव्हरेज फक्त सीपीयूसाठी थांबलेल्यांचा नसतो. ‘डी’ अवस्थेत, म्हणजे मधेच उठवता न येणाऱ्या झोपेत असलेले प्रोसेसही त्यात धरले जातात. डिस्ककडून उत्तर येईपर्यंत झोपलेले पोस्टग्रेसचे सातही प्रोसेस या यादीत होते. त्यांचा कर्नल स्टॅक, म्हणजे कर्नलमध्ये ते कुठे अडकलेत ते, पाहिला तर कुणी पेजचं रायटबॅक (रॅममधला तुकडा डिस्कवर उतरणं) संपण्याची वाट पाहत होतं, कुणी जेबीडी२ (फाइलसिस्टमची नोंदवही) कमिटची. दोन्हींचा अर्थ एकच: एफसिंक, म्हणजे ‘डेटा डिस्कवर पक्का उतरव’, असं मागितलं, अजून परत आलं नाही.

आता आयओस्टॅट. दोन्ही डिस्कसाठी आकडे जवळपास सारखे होते. सेकंदाला लेखनाच्या विनंत्या १०५. प्रत्येक विनंती सरासरी १२८० किलोबाइटची. लेखनाचा अवेट, म्हणजे एका विनंतीला लागलेला सरासरी वेळ, ९७०० मिलिसेकंद. रांगेची सरासरी लांबी १०१८. वापर, म्हणजे डिस्क किती वेळ कामात होती ते, १०० टक्के.

या पाच आकड्यांत सगळी गोष्ट आहे. १०५ विनंत्या गुणिले १२८० किलोबाइट म्हणजे सेकंदाला सुमारे १३१ एमबी. मिरर असलेल्या डिस्कसाठी हे उत्तम काम आहे. डिस्क आजारी नाही, ती जीव तोडून धावतेय. आणि १०५ गुणिले ९.७ सेकंद म्हणजे १०१८. रांगेतली लांबी म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, हा साधा हिशोब इथे तंतोतंत बसतो. डिस्क मंद असती तर रांग छोटी राहूनही अवेट मोठा आला असता. इथे रांगच हजाराची होती.

साटा डिस्कच्या पोटात एनसीक्यूमुळे (डिस्कच्या स्वतःच्या रांगेमुळे) एका वेळी जास्तीत जास्त ३२ आज्ञा मावतात. मग १०१८ मधल्या ३२ सोडून बाकीच्या जवळपास हजार कुठे होत्या? डिस्कमध्ये नव्हत्या, आपल्याच कर्नलच्या शेड्युलरमध्ये, म्हणजे विनंत्यांचा क्रम लावणाऱ्या भागात होत्या.

शंका राहू नये म्हणून एक दिवस प्रत्येक विनंतीचा माग ठेवणारं ब्लॉकट्रेस लावलं आणि बीटीटी या सोबतच्या आज्ञेनं त्याचे टप्पे पाडले. विनंती ड्रायव्हरकडे सोपवल्यापासून उत्तर येईपर्यंतचा ‘डी ते सी’ वेळ सुमारे ०.३ सेकंद निघाला. ३२ आज्ञा, सेकंदाला १०५ या वेगानं, बरोबर ०.३ सेकंद. उरलेले नऊ सेकंद ‘आय ते डी’ या टप्प्यात, म्हणजे शेड्युलरच्या रांगेत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत. याशिवाय ‘क्यू ते जी’ हाही वेळ होता, रांगेत शिरायला मोकळी जागा मिळेपर्यंतचा. हा वेळ आयओस्टॅटच्या अवेटमध्ये येत नाही. म्हणून अवेट ९.७ दाखवत असताना काउंटरवर वीस सेकंद लागत होते. ताई खरं सांगत होत्या आणि माझा आलेख अर्धंच सांगत होता.

शेठजींना हे दाखवल्यावर नवी डिस्क थांबली.

आत नेमकं काय घडत होतं

इतवारीतलाच दाखला देतो, कारण शेठजींना मी असंच समजावलं. पेढीवर हातगाडीवाला हमाल आहे. मुनीमजी त्याला चिठ्ठ्या देतात: अमुक दुकानात दोन पोती, तमुक दुकानात तेलाचा डबा. शहाणा हमाल चिठ्ठी आली त्या क्रमानं धावत नाही. एका गल्लीतल्या चिठ्ठ्या एकत्र करतो, शेजारशेजारच्या दुकानांचा माल एकाच खेपेत लावतो. डिस्कचं डोकं हलायला आणि पाती फिरायला वेळ लागतो. ७२०० आरपीएमला एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, सरासरी अर्धी फेरी वाट पाहावी लागते, शिवाय डोकं हलवण्याचा वेळ वेगळा. इकडे-तिकडे विखुरलेल्या छोट्या विनंत्या अशी डिस्क सेकंदाला पाऊणशे-ऐंशीच्या आसपासच उरकते. म्हणून कर्नल शेजारच्या सेक्टरच्या विनंत्या जोडून एक करतो आणि उरलेल्यांना सेक्टरच्या क्रमानं लावतो. याच पद्धतीमुळे लिनक्सच्या सोर्समध्ये शेड्युलरला आजही ‘एलिव्हेटर’ म्हणतात. लिफ्ट जशी वाटेतले मजले घेत जाते, तसं.

पण नुसता क्रम लावला तर लांबच्या गल्लीतल्या चिठ्ठीला कधीच नंबर लागत नाही. म्हणून डेडलाइन शेड्युलर प्रत्येक विनंतीला मुदत देतो. वाचनाला ५०० मिलिसेकंद, लेखनाला ५००० मिलिसेकंद. सोळा-सोळाच्या खेपा करतो. वाचन आणि लेखन दोन्ही वाट पाहत असतील तर आधी वाचन, आणि वाचनाच्या दोन खेपा झाल्या की लेखनाला पाळी. २०१९ च्या ५.० कर्नलमध्ये एकाच रांगेची जुनी पद्धत काढून टाकली, तिच्यासोबत सीएफक्यू हा जुना शेड्युलरही गेला. आता साध्या साटा डिस्कवर कर्नल आपणहून एमक्यू-डेडलाइन लावतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती मला फार उशिरा उमगली. या शेड्युलरला फक्त वाचन आणि लेखन एवढाच भेद कळतो. लेखनात दोन जाती असतात हे तो पाहत नाही. एक लेखन कुणीतरी मागे उभं राहून वाट पाहतंय असं असतं, म्हणजे बिलाचं एफसिंक. दुसरं निवांत असतं, म्हणजे पेज कॅशमधला (रॅममध्ये थांबलेला) मळका, अजून डिस्कवर न गेलेला डेटा कर्नल सावकाश डिस्कवर उतरवतो ते. जुना सीएफक्यू वाट पाहिल्या जाणाऱ्या लेखनाला वाचनाच्या पंगतीत बसवायचा, बीएफक्यू हा दुसरा शेड्युलर आजही बसवतो. एमक्यू-डेडलाइनच्या रांगेत मात्र चार किलोबाइटचं बिल आणि बॅकअपचा सव्वा एमबीचा तुकडा एकाच ओळीत, एकाच मुदतीनं उभे राहतात. आणि रांग एवढी लांब असली की सगळ्यांचीच पाच सेकंदांची मुदत उलटते. मुदत उलटली की शेड्युलर सर्वांत जुन्याकडे आधी जातो. म्हणजे उरतो फक्त आलेला क्रम, आणि बिल सगळ्यांत शेवटी आलेलं.

आता दुपारी सव्वा एकला बॅकअप कुठून? पेढी पूर्वी एक ते दोन जेवणासाठी बंद असायची. त्या हिशोबानं आधीच्या माणसानं डेटाबेसची प्रत काढायला १ ची वेळ दिली होती. पुढे काउंटर पाळीपाळीनं चालू राहू लागले, क्रॉन तसाच राहिला. प्रत आधी एसएसडीवर आवळून तयार व्हायची, त्याला दहा-बारा मिनिटं. मग ती १८ जीबीची फाइल मिररवर कॉपी. एसएसडी सेकंदाला ५०० एमबीनं वाचून देते, मिरर १३० नं लिहून घेतो. मधला सगळा फरक रॅममध्ये मळक्या पेजच्या रूपानं साचतो. १८ जीबी उतरायला १३० च्या वेगानं दोन मिनिटं वीस सेकंद. ताईंची दोन-अडीच मिनिटं ती हीच.

कारण कळलं, पण प्रश्न उरला. बॅकअप सगळेच घेतात, सगळ्यांची बिलं गोठत नाहीत. इथे हजाराची रांग कशी?

सेटिंग पाहिली आणि उत्तर मिळालं. कर्नलची सेटिंग दाखवणाऱ्या ‘सिस’ फाइलसिस्टममध्ये ब्लॉक, मग एसडीए (पहिल्या डिस्कचं नाव), मग क्यू या फोल्डरात एनआर-रिक्वेस्ट्स नावाची फाइल असते. शेड्युलर एका वेळी किती विनंत्या धरून ठेवील त्याची ती मर्यादा. ३२ खोलीच्या साटा डिस्कवर एमक्यू-डेडलाइनसोबत ती मुळात ६४ असते. इथे १०२४ होती. त्याच फोल्डरातली डब्ल्यूबीटी-लॅट-युसेक ही फाइल शून्यावर, म्हणजे बंद. २०१७ च्या ४.१० कर्नलपासून आलेली ही सोय निवांत लेखनाला लगाम घालते, म्हणजे वाट पाहणाऱ्यांचा वेळ वाढू लागला की पार्श्वभूमीच्या लेखनाची रांग आखडते. फिरत्या डिस्कसाठी तिचं मूळ लक्ष्य ७५००० मायक्रोसेकंद. आणि डर्टी-रेशो, म्हणजे रॅममध्ये किती टक्के मळका डेटा साचू द्यायचा ती मर्यादा, २० ऐवजी ४०.

तिन्ही बदल ‘वेग वाढावा’ म्हणून केलेले. हेतू वाईट नव्हता. लांब रांगेमुळे शेजारच्या विनंत्या जोडायला जास्त वाव मिळतो, एकूण एमबी थोडे वाढतातही. पण डिस्क तीच आहे. रांग सोळापट केली म्हणून हमाल सोळापट धावत नाही, फक्त शेवटच्या चिठ्ठीला सोळापट थांबावं लागतं. १०२४ विनंत्या गुणिले १२८० किलोबाइट म्हणजे १२८० एमबी. १३० च्या वेगानं दहा सेकंद. तेच ६४ विनंत्या म्हणजे ८० एमबी, ०.६ सेकंद. हा गुणाकार मी पेढीच्या रफ वहीवर करून दाखवला तेव्हा मुनीमजी माझ्याआधी उत्तर बोलले.

डर्टी-रेशोबद्दल थोडं. ते टक्के एकूण रॅमचे नसतात, मोकळी होऊ शकणारी रॅम जमेस धरली जाते. इथे ती सुमारे २४ जीबी. पार्श्वभूमीची मर्यादा १० टक्के म्हणजे २.४ जीबीला कर्नल उतरवायला सुरुवात करतो. वरची मर्यादा ४० टक्के म्हणजे ९.६ जीबी. या दोन्हींच्या मध्याला, म्हणजे ६ जीबीला पोचलं की कर्नल लिहिणाऱ्या प्रोसेसना थोडं थोडं झोपवायला लागतो. बॅकअपनं गोदाम भरलं आणि दारात बिल अडवलं, असा प्रकार.

उपाय, आणि तो का टिकला नाही

पहिल्यांदा एप्रिलच्या शेवटी मी सरळ त्या फाइलींत आकडे लिहिले: दोन्ही डिस्कसाठी एनआर-रिक्वेस्ट्स ६४. दुसऱ्या दिवशी सव्वा एकला फोन आला नाही. बारा दिवस आला नाही. मग एका संध्याकाळी वावधन सुटलं, वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि सर्व्हर बंद झाला. सकाळी चालू केला, दुपारी फोन. ‘सिस’मध्ये लिहिलेलं मेमरीत असतं, रीबूटमध्ये पुसतं. हे मला माहीत होतं. गडबडीत कायम करायचं राहिलं, आणि ती चूक माझी.

दुसऱ्यांदा यूडेव्हचा (उपकरण दिसलं की त्याची सेटिंग लावणाऱ्या सेवेचा) नियम लिहिला, फाइलचं नाव ६० नं सुरू होणारं. रीबूट करून पाहायला पेढी बंद असायला हवी होती, पण रविवारपर्यंत थांबलो नाही, हातानंही आकडे घातले आणि गेलो. जूनच्या पहिल्या पावसात पुन्हा वीज गेली. पुन्हा सव्वा एक, पुन्हा फोन.

या वेळी मी जागेवर गेलो. एनआर-रिक्वेस्ट्स परत १०२४. म्हणजे माझा नियम चालला नाही, किंवा चालून पुसला गेला. यूडेव्हएडीएमच्या टेस्ट उपआज्ञेला डिस्कचा सिसमधला पत्ता दिला की कोणकोणत्या नियमफाइली कोणत्या क्रमानं वाचल्या ते ती दाखवते. यादीच्या तळाशी आधीच्या माणसाची फाइल होती, ९९ नं सुरू होणारी. यूडेव्ह फाइली नावाच्या क्रमानं वाचतो. माझी ६० आधी ६४ लिहायची, त्याची ९९ नंतर १०२४ लिहायची. शेवटी लिहिणारा जिंकतो.

म्हणून तुमच्याकडे सेटिंग ‘आपोआप’ परत येत असेल तर नवा नियम लिहिण्याआधी जुना शोधा. ईटीसी फोल्डरात एनआर-रिक्वेस्ट्स, शेड्युलर, डब्ल्यूबीटी आणि डर्टी हे चार शब्द ग्रेप या शोधण्याच्या आज्ञेनं धुंडाळा. सिस्सीटीएलच्या (कर्नलच्या कायम सेटिंगच्या) फोल्डरातल्या सगळ्या फाइली पाहा. आरसी-लोकल ही सुरू होताना चालणारी फाइल असेल तर तीही. ट्यून्ड ही आपोआप सेटिंग लावणारी सेवा चालू असेल तर तिचं प्रोफाइल पाहा, कारण तिच्या थ्रूपुट-परफॉर्मन्स प्रोफाइलमध्येही डर्टी-रेशो ४० असतो. माझ्याकडे तीन ठिकाणी सापडलं. तिन्ही काढून एकच फाइल ठेवली आणि तिच्यात वर तारखेसह मराठीत लिहून ठेवलं की हे का केलंय. माझ्यानंतर येणाऱ्याला फोन करावा लागू नये.

आता काय ठेवलंय ते सांगतो. एनआर-रिक्वेस्ट्स ६४. डब्ल्यूबीटी-लॅट-युसेकमध्ये उणे १ लिहिलं, त्यानं मूळ किंमत परत येते. डर्टी-रेशोऐवजी डर्टी-बाइट्स २५६ एमबी आणि पार्श्वभूमीसाठी ६४ एमबी. टक्के आणि बाइट यांपैकी एकच चालतं. बाइट लिहिले की टक्क्यांच्या जागी शून्य दिसतं, घाबरू नका. रॅम मोठी आणि डिस्क फिरती असेल तिथे मी टक्के वापरतच नाही. ३२ जीबीचे १० टक्के आणि २ जीबीचे १० टक्के यांत डिस्कच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मिररची गोम लक्षात ठेवा. शेड्युलर एमडी उपकरणावर (लिनक्सनं दोन डिस्क जोडून दाखवलेल्या मिररवर) नसतो, त्याखालच्या खऱ्या डिस्कवर असतो. एमडी शून्याच्या क्यू फोल्डरात शेड्युलर ‘नन’ दिसतो आणि लोक तिथे डोकं आपटतात. बदल एसडीए आणि एसडीबी दोन्हींवर करायचे. एकच केली तर उपयोग नाही, कारण मिररमध्ये लेखन दोन्हींकडून पूर्ण व्हावं लागतं आणि हळू असलेली डिस्क वेग ठरवते.

बॅकअपची वेळ रात्री साडेदहावर नेली आणि कॉपी आरसिंक या कॉपीच्या आज्ञेच्या बँडविड्थ-मर्यादेनं ४० एमबीवर बांधली. वेळ बदलली असती तर मुळात एवढं करायची गरज होती का, असं एका मित्रानं विचारलं. होती. बॅकअप हटवला तरी उद्या कुणी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग कॉपी करील, कुणी गोदामाचे फोटो टाकील, आणि हजाराची रांग तशीच वाट पाहत असेल. वेळ बदलणं आणि रांग आखडणं, दोन्ही हवं.

जे करू नका

आयओनाइसनं (डिस्कच्या कामाचं प्राधान्य ठरवणाऱ्या आज्ञेनं) बॅकअपला खालचं प्राधान्य देऊन पाहिलं होतं. काही फरक पडला नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत. ५.१४ च्या आधीचा एमक्यू-डेडलाइन हे प्राधान्य पाहतच नाही. आणि पाहिलं असतं तरी, कॉपीची आज्ञा फक्त पेज कॅशमध्ये लिहून मोकळी होते. डिस्कवर प्रत्यक्ष उतरवतो तो कर्नलचा वर्कर धागा. खालचं प्राधान्य आज्ञेला चिकटतं, धाग्याला नाही. बीएफक्यू लावून पाहिला तेव्हा लांब रांगेतही बिलं बऱ्यापैकी निघाली. ज्यांना रांग कमी करणं शक्य नाही त्यांनी तो जरूर पाहावा. माझ्या इथे दोष रांगेच्या लांबीचा होता, म्हणून मी तीच सुधारली आणि शेड्युलर तसाच ठेवला.

दुसरं, आणि हे मी अगदी कळकळीनं सांगतो. शोधताना तुम्हाला सल्ला मिळेल की पोस्टग्रेसमध्ये एफसिंक बंद करा, किंवा एक्स्ट४ माउंट करताना बॅरिअर काढून टाका. बिलं क्षणात पळायला लागतील, हे खरं आहे. पण एफसिंकच्या शेवटी जी फ्लश आज्ञा जाते, तीच डिस्कला तिच्या स्वतःच्या कॅशमधला डेटा पातीवर उतरवायला लावते. ती काढली तर ‘बिल सेव्ह झालं’ हे वाक्य खोटं होतं. वीज गेली त्या क्षणी शेवटची बिलं तर जातातच, डेटाबेसची घडीही विस्कटू शकते. ज्या पेढीवर वर्षातून चार वेळा यूपीएसची बॅटरी संपते तिथे हे करणं म्हणजे दुसऱ्याच्या उधारीची वही पावसात उघडी ठेवणं आहे.

तुमचा दोष वेगळा असेल तर

रांग छोटी आणि ‘डी ते सी’ वेळ मोठा, असं दिसलं तर वरचं काही लागू नाही. मग डिस्क, केबल किंवा कंट्रोलर पाहा. डिस्क एसएमआर जातीची (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) असेल तर सलग मोठं लेखन चालू असताना काही वेळानं ती आपोआप कमालीची मंदावते, आणि लॉगमध्ये काहीच दिसत नाही. डेटाबेससाठी ती घेऊच नका. एनव्हीएमई या वेगवान एसएसडीवर शेड्युलर बहुतेक ‘नन’ असतो आणि तिथे वापर १०० टक्के दिसणं म्हणजे डिस्कची ताकद संपली असं नाही, ती एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते.

दोष महिन्यातून एकदाच, रविवारी येत असेल तर एमडीची तपासणी पाहा. डेबियन या लिनक्समध्ये ती महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमारास सुरू होते. ४ टीबीच्या डिस्कला १५० एमबीच्या वेगानंही साडेसात तास लागतात, म्हणजे सकाळी दुकान उघडलं तरी चालूच. सिंक-स्पीड-मॅक्स, म्हणजे तपासणीची वेगमर्यादा, खाली आणा, तपासणी बंद करू नका.

४.२० पासून कर्नल प्रॉक फोल्डरात प्रेशर नावानं आयओचा दाब दाखवतो, कर्नल बांधताना ती सोय चालू ठेवली असेल तर. गेल्या १० सेकंदांत किती टक्के वेळ सगळेच कामकरी डिस्कसाठी खोळंबले होते, ते ‘फुल’च्या ओळीत मिळतं. मी आता त्यावरच इशारा लावलाय. लोड ॲव्हरेजपेक्षा तो कितीतरी सरळ बोलतो.

जुलैत दोनदा वीज गेली. दुसऱ्यांदा सर्व्हर बंदही पडला. दुपारी मी स्वतःच फोन केला. ताई म्हणाल्या, "नाही जी, चालू आहे ना सगळं. काहून, काही होणार होतं काय?" एनआर-रिक्वेस्ट्स पाहिला, दोन्ही डिस्कवर ६४. फ्लशचा अवेट अजून कधीकधी ३०० मिलिसेकंदांवर जातो. तो कशामुळे, ते मोजणं चालू आहे.